गृहसंगणकांची इंटरनेटशी पहिली जोडणी : दूरध्वनीची तार, आकारणीची सीमा आणि चोपड्यासारखे तालुक्याचे गाव

सारांश

घरगुती संगणक इंटरनेटशी प्रथम जोडले गेले ते दूरध्वनीच्या तारेवरून. मोडेम हे त्या जोडणीचे दृश्य साधन होते. जोडणी कोणाला परवडेल, हे मात्र दूरध्वनी-आकारणीच्या नियमांनी ठरविले. प्रस्तुत लेखात या जोडणीमागील तांत्रिक तत्त्व, १९९५ मध्ये भारतात सुरू झालेली सार्वजनिक इंटरनेट सेवा, तिचे दर आणि तालुक्याच्या गावापर्यंत ती पोहोचण्यातील अडचणी यांचे विवेचन चोपडा (जि. जळगाव) हे गाव डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. तालुक्याच्या ठिकाणी इंटरनेट आले ते संगणक आला त्या दिवशी नव्हे. इंटरनेटसाठी लावावयाचा फोन स्थानिक दराने लागू लागला त्या दिवशी ते आले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : गृहसंगणक, मोडेम, डायल-अप, स्थानिक कॉल, आकारणी-क्षेत्र, ग्रामीण दूरसंचार.

१. प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराचा विचार करताना सामान्यतः संगणकाची किंमत, त्याची क्षमता आणि वापरणाऱ्याचे शिक्षण या तीन घटकांवर भर दिला जातो. हे तिन्ही घटक महत्त्वाचे आहेतच. तथापि, जळगाव आणि चोपडा या दोन ठिकाणी एकाच किमतीचा, एकाच क्षमतेचा संगणक समान शिक्षण घेतलेल्या दोन प्राध्यापकांनी १९९०च्या दशकात विकत घेतला असता, तर त्यांना इंटरनेट सारख्याच सुलभतेने मिळाले असते का, हा प्रश्न उपरोक्त तीन घटकांच्या साहाय्याने सुटत नाही. त्यासाठी चौथ्या घटकाकडे वळावे लागते. तो घटक म्हणजे अंतर आणि त्या अंतराची आकारणी.

चोपडा हे तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याजवळ वसलेले तालुक्याचे गाव होय. गावाला रेल्वे स्थानक नाही. जिल्ह्याचे ठिकाण असलेले जळगाव रस्त्याने पन्नासएक किलोमीटरवर आहे. दूरध्वनीच्या नकाशावर चोपड्याचा संकेतांक ०२५८६ आणि जळगावचा ०२५७. हे दोन वेगळे संकेतांक दिसावयास साधे असले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अत्यंत बोलके आहेत. त्यांचा अर्थ पुढे पाचव्या विभागात स्पष्ट केला आहे.

२. आकड्यांचे ध्वनीत रूपांतर

संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोन चिन्हांची आहे. दूरध्वनीची तार मात्र मानवी संभाषण वाहून नेण्यासाठी घातलेली. दूरध्वनी यंत्रणेतून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनीच जाऊ शकतो. संभाषण कळण्यास एवढा पट्टा पुरेसा असतो आणि त्यापलीकडचे स्वर यंत्रणाच गाळून टाकते. म्हणून संगणकाला या तारेवरून बोलावयाचे असेल, तर शून्य-एकचे रूपांतर ऐकू येणाऱ्या स्वरांत करावे लागते आणि पलीकडच्या टोकास त्या स्वरांतून पुन्हा शून्य-एक ओळखावे लागतात. हे दुहेरी काम करणारे उपकरण म्हणजे मोडेम.

विशेष म्हणजे आरंभीच्या गृहसंगणकांना हे तत्त्व नवे नव्हते. १९८०च्या दशकातील बीबीसी मायक्रो, सिंक्लेअर स्पेक्ट्रम यांसारखे संगणक आपला कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर साठवीत. बीबीसी मायक्रो फितीवर लिहिताना १,२०० आणि २,४०० हर्ट्झ असे दोन स्वर वापरी. भारतात १९८४-८५ मध्ये शालेय संगणक साक्षरतेसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात याच बीबीसी मायक्रो जातीचे संगणक निवडक शाळांना देण्यात आले होते. फितीवर स्वर नोंदविणारा संगणक आणि तारेवर स्वर पाठविणारा संगणक यांत तत्त्वतः फरक नाही. ३०० बिट प्रति सेकंद गतीच्या व्ही.२१ या आंतरराष्ट्रीय मानकात फोन लावणारा मोडेम ९८० व १,१८० हर्ट्झ, तर फोन घेणारा मोडेम १,६५० व १,८५० हर्ट्झ असे स्वर वापरतो. दोघांचे स्वर भिन्न असल्याने एकाच तारेवर दोघेही एकाच वेळी बोलू शकतात.

१९८१ मध्ये अमेरिकेतील हेज कंपनीने आणलेल्या ‘स्मार्टमोडेम’मुळे संगणक स्वतःच फोन लावू लागला. ‘एटी’ या अक्षरांनी आरंभ होणारे आदेश मोडेमला दिले जात. त्यांतील ‘एटीडीटी’ हा आदेश बटणांच्या स्वरांनी क्रमांक फिरवी, तर ‘एटीडीपी’ हा आदेश चकतीच्या फोनप्रमाणे विद्युत्-स्पंदांनी. भारतातील जुन्या यांत्रिक दूरध्वनी केंद्रांना स्वरांची भाषा कळत नसे. त्यामुळे ‘टी’ऐवजी ‘पी’ लिहिणे हे कित्येक ठिकाणी जोडणी लागण्या न लागण्यातील अंतर ठरे.

३. जोडणी म्हणजे काय : टर्मिनल आणि सदस्य

‘संगणक इंटरनेटला जोडला’ या वाक्याचे दोन भिन्न अर्थ होतात. हा भेद लक्षात न घेतल्यास आरंभकाळाचे चित्र धूसर राहते.

पहिल्या प्रकारात घरातील संगणक फोनवरून दूरच्या मोठ्या संगणकाशी जोडला जातो आणि केवळ त्याचा पडदा व कळफलक म्हणून काम करतो. कळ येथे दाबली जाते, कार्य तेथे होते आणि अक्षरे येथे उमटतात. इंटरनेटचा सदस्य असतो तो दूरचा संगणक. घरातील यंत्र हे त्याचे टर्मिनल. दुसऱ्या प्रकारात घरातील संगणकाला जोडणीच्या काळापुरता स्वतःचा आयपी पत्ता मिळतो. माहितीची पाकिटे थेट त्याच्याकडे येतात आणि त्याच्याकडून जातात. हा संगणक खऱ्या अर्थाने इंटरनेटचा घटक होय. यासाठी टीसीपी/आयपी ही नियमप्रणाली घरच्या संगणकात चालावी लागते. विंडोज ३.१ वापरणाऱ्यांना त्यासाठी ‘ट्रम्पेट विनसॉक’ यासारखा वेगळा कार्यक्रम बसवावा लागे. विंडोज ९५मध्ये ही सोय अंगभूत आली.

इंटरनेटच्या पूर्वजाळ्याने, म्हणजे अर्पानेटने, टीसीपी/आयपी प्रणाली १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारली. त्या वेळी गृहसंगणक बाजारात होते. पण ते या जाळ्यात नव्हते. हौशी मंडळी ‘बुलेटिन बोर्ड’ या सेवेला फोन लावीत. एखाद्याच्या घरातील किंवा कार्यालयातील एका संगणकास फोन लावून निरोप ठेवावयाचा आणि इतरांचे निरोप वाचावयाचे, असे तिचे स्वरूप होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘फिडोनेट’ने असे सुटे फलक परस्परांशी जोडले. रात्री फोनदर उतरल्यावर एक संगणक दुसऱ्यास फोन लावून दिवसभराचे निरोप पोहोचवी. भारतातही १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून असे फलक सुरू झाले. बंगळूर येथे ‘सिक्स’ हा फलक चालविणारे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचे शिक्षण बेळगावात झाले होते. पुढे मुक्त संगणकप्रणालींच्या प्रसारात त्यांनी मोठा वाटा उचलला.

या सर्व व्यवस्थांत एक समान सूत्र दिसते. फोन शक्यतो गावातल्या गावात लावावयाचा आणि लांबचा फोन अटळ असल्यास तो स्वस्त वेळी लावावयाचा. संगणक-जाळ्यांची रचना आरंभापासून दूरध्वनीच्या दरपत्रकाला धरून झाली आहे.

४. भारतातील सार्वजनिक सेवेचा आरंभ

भारतात इंटरनेट प्रथम घरांत नव्हे, संस्थांत आले. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन जाळे आकारास येऊ लागले. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही त्याची आरंभीची केंद्रे होती. मुंबईच्या केंद्राचे डॉ. श्रीनिवासन रमणी यांचे या कार्यातील योगदान जागतिक पातळीवर मान्य झाले असून २०१४ मध्ये त्यांचा ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश करण्यात आला. भारताचे ‘डॉट इन’ हे क्षेत्रनाम १९८९ मध्ये नोंदले गेले. याच काळात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ हे जाळे उपग्रहाद्वारे जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचत होते. अर्थात जिल्ह्याच्या प्रशासनास संगणकीय जोडणी लाभली, तेव्हा त्याच जिल्ह्यातील घरांना ती मिळण्याचा मार्गच नव्हता.

तो मार्ग १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुला झाला. विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. लवकरच पुण्याचीही भर पडली. तिसऱ्या विभागात सांगितलेला भेद या सेवेच्या दरपत्रकात स्पष्टपणे उमटला होता. केवळ मजकूर दाखविणारे, म्हणजे टर्मिनल स्वरूपाचे ‘शेल’ खाते वर्षाला ५,००० रुपयांत, तर चित्रांसह पाने दाखविणारे टीसीपी/आयपी खाते १५,००० रुपयांत मिळे. दोन्हींत वर्षाला २५० तासांची मर्यादा होती. म्हणजे एका तासाचा दर अनुक्रमे २० आणि ६० रुपये पडे. पुढे विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे मजकूर-खाते उपलब्ध झाले. अनेक भारतीय विद्यार्थ्यांची इंटरनेटशी पहिली ओळख काळ्या पडद्यावरील अक्षरांतून झाली, त्याचे कारण या दरभेदात आहे.

तथापि, हा दर केवळ इंटरनेटचा होता. निगमच्या मोडेमपर्यंत पोहोचण्यासाठी लावलेल्या फोनचे बिल त्याहून वेगळे होते. मुंबईच्या ग्राहकासाठी हा दुसरा खर्च मर्यादित होता. चोपड्याच्या ग्राहकासाठी तो निर्णायक होता.

५. आकारणीची सीमा

भारतीय दूरध्वनी व्यवस्थेत देशाची विभागणी लघु अंतर आकारणी क्षेत्रे आणि दीर्घ अंतर आकारणी क्षेत्रे अशा दोन स्तरांवर केलेली आहे. लघु क्षेत्र स्थूलमानाने तालुक्याएवढे, तर दीर्घ क्षेत्र स्थूलमानाने जिल्ह्याएवढे. देशात दीर्घ क्षेत्रे ३२२ आणि लघु क्षेत्रे सुमारे २,६०० आहेत. लघु क्षेत्राच्या आत लावलेला फोन स्थानिक, तर बाहेर लावलेला फोन अंतरानुसार आकारला जाई. ०२५८६ आणि ०२५७ या संकेतांकांचा अर्थ आता स्पष्ट होईल. चोपडा आणि जळगाव एका जिल्ह्यात असले, तरी आकारणीच्या दृष्टीने ती दोन वेगळी क्षेत्रे होती.

आकारणी ‘पल्स’ या एककाने होई. स्थानिक फोनमध्ये पल्स दीर्घ काळाचा असे; अंतर वाढेल तसा तो आखूड होई. उदाहरणादाखल एका पल्सचा दर १ रुपया २० पैसे धरू. पल्स १८० सेकंदांचा असेल, तर एका तासात २० पल्स पडतात आणि २४ रुपये होतात. पल्स १२ सेकंदांचा झाला, तर ३०० पल्स आणि ३६० रुपये होतात. तो ४ सेकंदांवर आला, तर तासाला ९०० पल्स आणि १,०८० रुपये होतात. प्रत्यक्ष दर वेळोवेळी बदलत आणि रात्री उशिरा सवलतही असे. परंतु गणिताचे स्वरूप तेच राही. शेल खात्याच्या तासाला २० रुपये दरापुढे लांबच्या फोनचा खर्च कित्येक पटींनी अधिक होता. मुंबईच्या नोडला चोपड्याहून तासभर फोन लावून ठेवणे हे महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनातही बसणारे नव्हते.

या खर्चाला गतीचा संदर्भ जोडला म्हणजे चित्र पूर्ण होते. पुढील तक्त्यात एक मेगाबाइट माहिती उतरवून घेण्यास लागणारा किमान वेळ दिला आहे.

मानक | वर्ष | गती (बिट प्रति सेकंद) | एक मेगाबाइटला लागणारा वेळ
व्ही.२२ बिस | १९८४ | २,४०० | सुमारे ५८ मिनिटे
व्ही.३२ | १९८४ | ९,६०० | सुमारे १५ मिनिटे
व्ही.३४ | १९९४ | २८,८०० | सुमारे ५ मिनिटे
व्ही.९० | १९९८ | ५६,००० | सुमारे अडीच मिनिटे
ब्रॉडबँड (किमान) | २००४ | २,५६,००० | सुमारे ३३ सेकंद

२,४०० बिट गतीने १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीतील मजकूर पाठविण्यास सुमारे ८२ मिनिटे लागतात. जळगावहून चोपड्यास येणारी एस.टी. साधारणतः तेवढाच वेळ घेते. पिशवीत दहा फ्लॉप्या असतील, तर एस.टी. मोडेमपेक्षा दहापट वेगवान ठरते आणि तिचे भाडे पल्सनुसार वाढत नाही. तालुक्याच्या गावातील संगणकधारक इंटरनेट उपलब्ध झाल्यानंतरही दीर्घकाळ फ्लॉपीवर विसंबून राहिले, यात मागासलेपण शोधण्याचे कारण नाही. तो दरपत्रक पाहून घेतलेला सुजाण निर्णय होता.

६. तारेची गुणवत्ता

आकारणीखेरीज दुसरी मर्यादा तारेचीच होती. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कोणत्याही माध्यमाची माहिती वाहून नेण्याची कमाल क्षमता दोन गोष्टींवर अवलंबून असते : पट्ट्याची रुंदी आणि संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण. ३,१०० हर्ट्झ रुंदीच्या तारेवर संकेत गोंगाटाच्या सुमारे ३,१६० पट, म्हणजे ३५ डेसिबल बलवान असेल, तर ही मर्यादा सुमारे ३६,००० बिट प्रति सेकंद येते. १९९६ मध्ये सुधारलेले व्ही.३४ मानक ३३,६०० बिटांपर्यंत पोहोचले, म्हणजे सिद्धांताच्या उंबरठ्याशी येऊन थांबले.

मग ‘५६ के’ मोडेम कसा शक्य झाला? १९९०च्या दशकात दूरध्वनी केंद्रे अंकीय झाली होती. केंद्रात येणाऱ्या ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत नोंदला जाई. इंटरनेट सेवा देणारी संस्था स्वतःच अंकीय मार्गाने केंद्राशी जोडलेली असेल, तर तिच्या बाजूने रूपांतराची गरजच उरत नाही आणि त्या रूपांतरातून येणारा गोंगाटही टळतो. आठपैकी सात बिट विश्वासाने वापरले, तरी ८,००० गुणिले ७, म्हणजे ५६,००० बिट मिळतात. व्ही.९० मानकाचा पाया हा आहे. मात्र ही गती केवळ माहिती घरी येण्याच्या दिशेस लागू होती. शिवाय घर आणि सेवा-नोड यांच्या वाटेवर एकच ॲनालॉग टप्पा, म्हणजे घर ते केंद्र एवढाच, असला पाहिजे ही तिची अट होती. वाटेत आणखी एखादा ॲनालॉग दुवा आला, की मोडेम आपोआप व्ही.३४च्या गतीवर उतरे.

ग्रामीण भागात ही अट नेहमी पूर्ण होत नसे. सी-डॉट या संस्थेने विकसित केलेले, वातानुकूलनाविना चालणारे ग्रामीण दूरध्वनी केंद्र जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे प्रथम कार्यान्वित झाले आणि पुढे देशभर पसरले. त्यामुळे खेड्यांना विश्वासार्ह दूरध्वनी मिळाला. परंतु अनेक गावांतील सार्वजनिक दूरध्वनी ‘मार’ या रेडिओ दुव्यांवर चालत. हे दुवे संभाषणासाठी आखलेले होते. त्यांवर मोडेमचा संवाद टिकणे दुष्कर होते. तारेची जोडणी असलेल्या घरांतही लांब पल्ल्याची तांब्याची जोडी, सांध्यांत शिरलेली ओल आणि पावसाळ्यातील खरखर यांमुळे गती निम्म्यावर येई. माणसाचे कान खरखरीतूनही शब्द उचलतात. मोडेमला तसे करता येत नाही. तो चुकलेला भाग पुन्हा मागतो आणि तेवढ्या वेळाचे पल्स पडतच राहतात.

जोडणीच्या प्रारंभी मोडेममधून ऐकू येणारा विशिष्ट आवाज हा या तारेच्या परीक्षेचाच होता. दोन्ही मोडेम प्रथम परस्परांची ओळख पटवीत, तारेवरील प्रतिध्वनी आणि स्वरांची घट मोजीत, दोघांना मान्य अशी गती ठरवीत आणि मगच आवाज बंद होई. खान्देशात भारनियमनाची आणखी एक अडचण होती. दूरध्वनी केंद्र स्वतःच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालत असल्याने वीज गेल्यावरही घरचा फोन जिवंत राही. बंद पडे तो संगणक. जोडणी पुन्हा लावणे म्हणजे हे सारे पुन्हा पहिल्यापासून करणे.

७. धोरणातील वळण

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात देशातील दूरध्वनींचे प्रमाण शंभर व्यक्तींमागे सुमारे ०.८ असल्याचे नमूद आहे. म्हणजे घरातून इंटरनेट मिळण्याची पहिली पायरी, घरी फोन असणे, हीच दुर्मीळ होती. त्यामुळे आरंभीच्या काळात ‘गृहसंगणक’ या शब्दातील गृह हे बहुधा शहरातील होते.

मे १९९८ मध्ये पंतप्रधानांनी माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याने जुलै १९९८ मध्ये दिलेल्या १०८ शिफारशींच्या कृतियोजनेत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची एक तरतूद होती. सर्व जिल्हा मुख्यालयांत आणि स्थानिक आकारणी-क्षेत्रांत २६ जानेवारी २००० पर्यंत इंटरनेट नोड उघडावेत आणि तोवर सर्वांत जवळच्या नोडपर्यंतचा फोन स्थानिक दराने आकारावा, असे तीत म्हटले होते. या तरतुदीचा दुसरा भाग विशेष मननीय आहे. तिने नवे यंत्र सुचविले नाही, नवी तार घालण्यास सांगितले नाही. केवळ एका फोनला ‘स्थानिक’ मानण्यास सांगितले. पाचव्या विभागातील गणितात ३६० रुपयांच्या जागी २४ रुपये येण्यासाठी एवढेच पुरेसे होते.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना अनुमती मिळाली आणि विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने २००० सालापर्यंत सर्व जिल्हा मुख्यालयांना इंटरनेट देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २००० मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमच्या ‘संचारनेट’ सेवेची तासांची कार्डे पुढे लहान गावांतही परिचित झाली. ‘१७२’ने आरंभ होणारा क्रमांक फिरविला, की स्थानिक दराने जोडणी लागे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यांतील तरुणांना प्रशिक्षण केंद्रात इंटरनेट हाताळावयास मिळाले.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट गतीची नित्य जोडणी अशी ब्रॉडबँडची व्याख्या केली आणि जानेवारी २००५ पासून भारत संचार निगमची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली. तार तीच तांब्याची होती. परंतु आता संभाषणाच्या पट्ट्याच्या वरचे, पूर्वी न वापरलेले पट्टे उपयोगात आणले गेले आणि माहिती गावातील केंद्रातच फोनपासून वेगळी काढली गेली. त्यामुळे फोन ‘लावण्याची’ गरज संपली. फोन लावावयाचा नाही, म्हणून पल्स नाही. आणि पल्स नाही, म्हणून जळगाव किंवा मुंबई किती दूर, हा प्रश्नही उरला नाही. उरले ते केवळ घर आणि गावातील केंद्र यांमधील काही किलोमीटरांचे अंतर.

८. चर्चा

उपरोक्त विवेचनातून एक क्रम दिसून येतो. १९९५ मध्ये चोपड्यातील संगणकाला ओलांडावयाचे अंतर मुंबईपर्यंतचे होते. जिल्हा मुख्यालयी नोड येण्याच्या टप्प्यावर ते जळगावपर्यंत आले. ब्रॉडबँडने ते गावातील दूरध्वनी केंद्रापर्यंत आणले. तंत्रज्ञानाची प्रगती म्हणजे या अंतराचे क्रमाक्रमाने आखूड होणे होय. प्रत्येक टप्प्यावर मात्र शासकीय अहवालात ‘जोडले गेले’ अशी नोंद झाली ती जाळ्याच्या टोकाची. टोकापासून घरापर्यंतचा भाग नागरिकाच्या खर्चावर सोडला गेला.

हा मुद्दा केवळ इतिहासाचा नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत प्रकाशतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तेथेही पंचायतीच्या इमारतीपर्यंत पोहोचलेली तार आणि विद्यार्थ्याच्या घरी उपलब्ध असलेली जोडणी यांत अंतर राहते. चोपडा तालुक्याच्या उत्तर भागात सातपुड्यातील आदिवासी वस्त्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापन ऑनलाइन झाले, तेव्हा एकाच महाविद्यालयाच्या एकाच वर्गातील विद्यार्थ्यांत पडलेला फरक हा बुद्धीचा किंवा इच्छेचा नव्हता. जाळे जेथे संपते तेथून ज्याचे त्याचे घर किती दूर, याचा तो फरक होता. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती २ मेगाबिट अशी वाढविण्यात आली. व्याख्या उंचावणे स्वागतार्ह आहे; परंतु व्याख्येत गती असते, अंतर नसते.

अध्यापकांच्या दृष्टीने आणखी एक बाब विचारार्ह आहे. डायल-अप काळाच्या स्थानिक खुणा झपाट्याने नाहीशा होत आहेत. जुनी दूरध्वनी बिले, संचारनेटची कार्डे, महाविद्यालयांच्या जडवस्तू नोंदवहीतील मोडेमच्या खरेदीच्या नोंदी, ग्रंथालयांच्या वार्षिक अहवालांतील ‘इंटरनेट शुल्क’ ही बाब हे सर्व प्रादेशिक तंत्रज्ञान-इतिहासाचे अस्सल साधन आहे. रद्दीत जाण्यापूर्वी ते जतन करणे हे तालुक्याच्या महाविद्यालयास सहज शक्य असलेले संशोधनकार्य आहे. वाणिज्य विभागाने बिले, भौतिकशास्त्र विभागाने उपकरणे आणि इतिहास विभागाने मौखिक निवेदने गोळा केली, तर बहुविद्याशाखीय संशोधनाचा तो एक चांगला नमुना ठरेल.

९. निष्कर्ष

१. आरंभीचे गृहसंगणक इंटरनेटशी जोडले गेले ते आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करून. संभाषणासाठी घातलेल्या तारेची मर्यादा हीच त्या जोडणीची मर्यादा होती.

२. आरंभीची स्वस्त जोडणी टर्मिनल स्वरूपाची होती. संगणक इंटरनेटचा प्रत्यक्ष सदस्य होण्यासाठी तिप्पट दर मोजावा लागे.

३. तालुक्याच्या गावासाठी संगणकाच्या किमतीपेक्षा फोनची आकारणी अधिक निर्णायक होती. चोपडा आणि जळगाव यांमधील खरी दरी पन्नास किलोमीटरांची नव्हती, ती पल्सच्या लांबीची होती.

४. १९९८च्या कृतियोजनेतील ‘जवळच्या नोडपर्यंत स्थानिक दर’ ही शिफारस दाखवून देते, की जोडणीतील विषमता कमी करण्यास नेहमीच नवे तंत्रज्ञान लागत नाही. काही वेळा नियमातील एक शब्द बदलणे पुरेसे असते.

५. कोणत्याही जोडणी-योजनेचे मूल्यमापन जाळे कोठपर्यंत पोहोचले, एवढ्यावर न थांबता तेथून घरापर्यंतचे अंतर किती आणि त्याचा खर्च कोणावर, या दोन प्रश्नांच्या आधारे होणे आवश्यक आहे.